कुठल्या रानाचे लाकूड?

माझे वडील सुतार आहेत. आम्ही भावंडे त्यांना दादा म्हणतो आणि सारी आळी त्यांना मिस्त्री म्हणते. शाळेला सुट्टी असली की त्यांच्या सायकलच्या दांड्यावर बसून मी आरागिरणीत जात असे. तिथे अंगणात ओंडक्यांची रास लागलेली असे आणि प्रत्येक ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर तांबड्या किंवा निळ्या रंगाने काही अक्षरे व आकडे काढलेले असत. बालवाडीतल्या फळ्यावरचे आकडे मला कधी लवकर उमगले नाहीत. ओंडक्यांवरचे मात्र मी बोट फिरवून गिरवीत असे.

"दादा, हे काय लिवलंय?"

"नंबर हाय त्याचा."

"कशाला?"

"हरवू नये म्हणून."

एवढा थोरला ओंडका हरवेल कसा, हे कोडे मला पुष्कळ वर्षे सुटले नव्हते. ते यंदा सुटले. ते कसे सुटले आणि सुटताना माझी फजिती कशी झाली, हे आपल्या वार्षिकांकाच्या वाचकांना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

द्वितीय वर्षाला पर्यावरणशास्त्राचा प्रकल्प सर्वांनाच करावा लागतो. पुष्कळशी मुले गोदावरीचे प्रदूषण किंवा प्लॅस्टिकची पिशवी असे नेहमीचे विषय घेतात. मला काही निराळे करायचे होते. झेरॉक्सच्या दुकानात कागदाच्या एका रिमावर मला एक लहानसे चित्र दिसले: एक झाड, आणि त्याच झाडाच्या रेषेतून निघालेली बरोबरची खूण. दुकानदाराला विचारले तर तो म्हणाला, "कंपनीचं काहीतरी असेल." मी ते वेष्टन मागून घेतले आणि ग्रंथालयाचा रस्ता धरला.

शोधता शोधता मला त्या खुणेचा इतिहास सापडला. १९८० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी उष्ण कटिबंधातील लाकडावर बहिष्काराची भाषा सुरू केली होती. ॲमेझॉन, बोर्निओ आणि आफ्रिकेतली जंगले झपाट्याने तुटत होती. १९९२ साली रिओ येथे वसुंधरा परिषद भरली, पण जंगलांविषयी कोणताही बंधनकारक करार तिथे होऊ शकला नाही. सरकारांना जे जमले नाही ते बाजाराच्या मार्गाने करून पाहावे, असा विचार काही मंडळींनी केला आणि १९९३ साली 'फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल' ही संस्था स्थापन झाली. तिचे पहिले कार्यालय मेक्सिकोतील ओआहाका शहरी होते. २००३ साली ते जर्मनीत बॉन येथे गेले. १९९९ मध्ये 'पीईएफसी' नावाची दुसरी व्यवस्था युरोपात उभी राहिली.

कल्पना मोठी सरळ आहे. जंगलात जाऊन तपासनीसाने पाहायचे. कोणते झाड तोडायचे आणि बियांसाठी कोणते राखायचे, याचा नकाशा केला आहे का? झाड पाडताना शेजारची झाडे मोडतात का? ओढ्याकाठची पट्टी सोडली आहे का? मजुरांना मजुरी मिळते का? त्या रानावर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या लोकांचा हक्क मानला आहे का? हे सारे ठीक असेल तर जंगलाला दाखला द्यायचा. मग तिथल्या ओंडक्यावर नंबर पडतो आणि तो नंबर बंदर, गिरणी, कारखाना, छापखाना असा हातोहात पुढे जातो. या साखळीतला एक जरी हात दाखल्याशिवायचा निघाला, तर पुढच्या मालावर ती झाडाची खूण लावता येत नाही.

मी वीस पाने लिहिली. "ग्राहक जागा झाला की जंगल वाचेल" असे शेवटचे वाक्य लिहून खाली दोन रेघा मारल्या. मुखपृष्ठावर ते झाड हिरव्या शाईने रंगवले. तोंडी परीक्षेला सरांनी वही चाळली, 'छान' म्हणाले आणि विचारले, "तुझे वडील सुतारकाम करतात ना? मग त्यांच्या दुकानातल्या लाकडावर कोणती खूण असते?"

मी गप्प. मागे बसलेली मुले हसली. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "हा प्रश्न तुला खाली पाहायला लावण्यासाठी विचारला नाही. उत्तर मिळाले तर मला येऊन सांग."

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी दादांपाशी बसलो. ते पटाशीला धार लावत होते. मी त्यांना रिमावरची खूण दाखवली आणि सगळे सांगितले. दादा सातवी शिकलेले. पण लाकडाचे बोलणे निघाले की त्यांना समजावून सांगावे लागत नाही. त्यांनी वेष्टन दिव्याखाली धरून पाहिले.

"म्हंजी हे झाड सरळ मार्गानं पडलं, असं हे सांगतंय?"

"हो."

"बरं हाय की." थोड्या वेळाने ते म्हणाले, "आपल्या दुकानात असलं काही येत नाही, बाळा. गिरणीत घाना साग येतो, ब्राझील साग येतो. मालक म्हणतो घाना, म्हणून आपणबी गिऱ्हाइकाला घाना म्हणायचं. त्यो घाना कुठं हाय ते मला म्हाईत नाही."

मी भूगोलाचे पुस्तक आणून त्यांना पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा घाना दाखवला. वाचकांनी पाहिले नसेल, पण आपल्या गावातल्या नव्या घरांच्या चौकटी आज पुष्कळदा परदेशी सागाच्या असतात. साग मुळातला आपला; भारत, ब्रह्मदेश, सयाम आणि लाओस ही त्याची जन्मभूमी. तोच साग आफ्रिकेत आणि लॅटिन अमेरिकेत नेऊन लावला गेला, आणि आता तो समुद्र ओलांडून परत येतो. जगात साग आयात करणाऱ्या देशांत भारत आघाडीवर आहे. गरीब देशाचे जंगल तुटते ते श्रीमंत देशाच्या हौसेसाठी, असे मी प्रकल्पात ठोकून दिले होते. घानाचा साग परभणीतल्या दिवाणखान्यात येतो, हे मला ठाऊकच नव्हते.

दादांनी पटाशी खाली ठेवली. मग ते जे बोलले ते मी प्रकल्पात लिहिले नाही. आज त्यांच्या परवानगीने इथे लिहितो आहे.

"नंबर असलेला माल तरी बरा. बिननंबरचाबी माल मी कापलाय. रातच्याला टेम्पो यायचा. साग देशी, गाभा बघून कळायचं. कुठल्या रानातला हे मी इचारलं नाही. इचारलं असतं तर काम दुसऱ्याला गेलं असतं. तुझ्या अकरावीच्या फीचं साल होतं ते."

आई आत भांडी घासत होती, तिचा हात थांबला. कोणी काही बोलले नाही. लहानपणचे माझे कोडे त्या क्षणी सुटले. नंबर नसला की ओंडका हरवत नाही. तो कुठल्या रानातून आला, ते रान हरवते. आणि हरवलेल्या त्या रानाच्या पैशावर मी कॉलेजात बसून जंगलाच्या रक्षणावर निबंध लिहीत होतो.

आजी कोपऱ्यात पडल्या पडल्या सारे ऐकत होती. ती म्हणाली, "तुझ्या आजाच्या टायमाला असं नव्हतं." म्हातारी माणसे नेहमीच असे म्हणतात, म्हणून मी प्रथम लक्ष दिले नाही. पण तिचे म्हणणे निराळे होते. आजोबा गावचे बलुतेदार. कुणाला तिफण करायची, कुणाला औत, कुणाला गाडीचे जू. ज्याचे काम तो आपल्या बांधावरची बाभूळ तोडून सुताराच्या दारात आणून टाकी. कोणती बाभूळ कोणाच्या बांधावरची, ती कधी वाळली, तिच्यावर वीज पडली होती की ती उगीच तोडली, हे गावाला माहीत असे. उगीच तोडली असेल तर आजोबा विचारीत, आणि विचारण्याचा त्यांना अधिकार होता, कारण पुढच्या खेपेला त्याच दारात यायचे असे. त्या काळी सगळे शहाणे होते असे मी म्हणत नाही. शहाणे असते तर आपला जिल्हा असा उघडा पडला नसता. परभणी जिल्ह्याचे क्षेत्र सहा हजारांहून अधिक चौरस किलोमीटर, आणि त्यात जंगल जेमतेम एक टक्का. तेही बरेचसे जिंतूरकडच्या डोंगराळ भागात. १९८८ चे राष्ट्रीय वनधोरण म्हणते की देशाच्या एक तृतीयांश भूमीवर वने व झाडे असावीत. काळ्या मातीत कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या आपल्या मुलखात ते पूर्वीही नव्हते. पण लाकूड वापरणारा आणि झाड यांची ओळख मात्र होती.

हा दाखला म्हणजे तुटलेली ओळख पुन्हा सांधण्याचा प्रयत्न आहे, असे मला त्या रात्री वाटले. बांध आणि सुताराचे दार यांत चार शेतांचे अंतर होते तेव्हा दाखल्याची गरज नव्हती. आता मध्ये समुद्र आला. बोलणी कागदावर आली. मग खरा प्रश्न असा की, कागद आपण म्हणतो ते काम खरोखर करतो का? आपण सारे विद्यार्थी उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला यांच्या रांगेत उभे राहिलेलो आहोत. दाखला आणि वस्तुस्थिती यांचे नाते कसे असते हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मी पुन्हा ग्रंथालयात गेलो. या वेळी प्रकल्पासाठी नव्हे, तर दादांना उत्तर देण्यासाठी गेलो.

वाचले त्यात दोन्ही बाजू निघाल्या. मध्य आफ्रिकेतील गॅबन आणि काँगो प्रजासत्ताक या देशांत संशोधकांनी जंगलात आपोआप छायाचित्रे घेणारे कॅमेरे बसवले आणि दाखला असलेल्या व नसलेल्या जंगलांची तुलना केली. २०२४ साली 'नेचर' या नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाला. शंभर किलोंहून जड प्राणी, म्हणजे हत्ती, गोरिला यांसारखे, दाखल्याच्या जंगलांत अडीच पटींहून अधिक वेळा दिसले. कारण वाचून मी चकित झालो. झाडे कमी तोडली एवढेच ते कारण नव्हते. झाडे नेण्यासाठी केलेले रस्ते काम संपल्यावर बंद केले जात, गाड्यांची तपासणी होई, आणि मजुरांना शिकारीच्या मांसाऐवजी दुसरे मांस मिळण्याची सोय केलेली असे. रस्ता बंद झाला की बंदूक आत जात नाही. म्हणजे झाडासाठी दिलेल्या दाखल्याने हत्ती वाचला. इंडोनेशियातील कालिमंतानच्या २०१५ सालच्या एका अभ्यासातही दाखल्याच्या भागात जंगलतोड काहीशी घटल्याचे आणि भोवतालच्या गावांची सरपणावरची भिस्त कमी झाल्याचे आढळले.

उलट मेक्सिकोत, जिथे या संस्थेने पहिले कार्यालय थाटले होते, तिथल्या जंगलांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास म्हणतो की दाखल्यामुळे जंगलतोड कमी झाल्याचा पुरावा सापडत नाही. याचा एक अर्थ असा सांगतात की जी गावे आपले रान आधीपासूनच चांगले सांभाळत होती, तीच दाखला घ्यायला पुढे आली. हुशार मुलालाच शिकवणी लावावी आणि तो पहिला आला की शिकवणीचे नाव व्हावे, तसे हे. शिवाय दाखल्याची बहुतेक जंगले उत्तरेकडच्या थंड देशांत आहेत. ज्या उष्ण देशांतल्या जंगलांसाठी हा सारा खटाटोप सुरू झाला, त्यांच्या वाट्याला त्यातला लहानसा हिस्सा आला. तपासनीसाचा खर्च, नकाशे, नोंदी, दरवर्षीची फेरतपासणी. हे मोठ्या कंपनीला झेपते, चार एकरवाल्याला झेपत नाही.

आपल्या गोदावरीनेही मला एक उदाहरण दिले. गंगाखेडला आपण जिच्यात स्नान करतो तीच गंगा पुढे तेलंगणात भद्राचलमला जाते. तिथे काठावर आयटीसीची कागदाची मोठी गिरणी आहे. भोवतालच्या शेतकऱ्यांकडून निलगिरी, सुबाभूळ अशा झाडांची लागवड करवून घेऊन ती कागद करते आणि तिच्या या लागवडीला त्या संस्थेचा दाखला मिळाला आहे. याचा फायदा उघड आहे: कागदासाठी नैसर्गिक जंगलात कुऱ्हाड जात नाही आणि कोरडवाहू शेतकऱ्याला दर काही वर्षांनी रोकड मिळते. पण निलगिरीच्या ओळींना जंगल म्हणता येत नाही. तिथे गवत, वेली, पोखरलेली जुनी खोडे, त्यांतली घरटी असे काही नसते. चार-पाच वर्षांत झाड कापले जाते. म्हणूनच १९९४ नंतर नैसर्गिक जंगल तोडून केलेल्या लागवडीला दाखला द्यायचा नाही, असा नियम त्या संस्थेने बराच काळ पाळला. पुढे झालेल्या हानीच्या भरपाईच्या अटी घालून ती मर्यादा २०२० अखेरपर्यंत आणली. रिमावरची खूण 'कागद शेतातल्या झाडाचा आहे' एवढे सांगत असेल, तर ते चांगलेच आहे. ती खूण पाहून 'एक जंगल वाचले' असे आपण समजलो, तर चूक आपली.

हे सगळे मी रोज रात्री थोडे थोडे दादांना सांगत होतो. आजीही ऐके. एक दिवस मी तिला विचारले, "आजी, तू रोज रात्री घेतेस त्या चूर्णात काय असतं?"

"तिरफळा. हिरडा, बेहडा, आवळा. तुला एवढंबी ठावं नाही?"

विचारण्याचे कारण होते. कोकणात रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यात पुष्कळसे जंगल खाजगी मालकीचे आहे, आणि मालकाला पैशाची नड लागली की ते सरपणासाठी विकले जाते. तिथे बेहड्याचे जुने, उंच वृक्ष आहेत. बेहड्याच्या लाकडाला मोल नाही, म्हणून तो स्वस्तात कापला जाई. त्याच वृक्षांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. मादी ढोलीत शिरून दार लिंपून घेते आणि नर तिला बाहेरून फळे आणून भरवतो. थोरले झाड गेले की ढोली गेली आणि ढोली गेली की धनेशाची पिढी गेली. पुण्याच्या 'अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन' या संस्थेने, म्हणजे डॉ. अर्चना गोडबोले, जयंत सरनाईक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इथे वेगळी वाट काढली. रानातून गोळा होणाऱ्या औषधी वनस्पतींसाठी 'फेअरवाइल्ड' नावाचा एक दाखला आहे. लाकडाऐवजी फळाला तो दाखला मिळवायचा, बेहड्याची फळे झाड न दुखावता गोळा करायची, काही फळे रानासाठी सोडायची आणि परदेशातल्या औषधी चहा-चूर्णाच्या कंपनीला ती बऱ्या भावाने विकायची. भीमाशंकरच्या बाजूला महादेव कोळी लोक गोळा करतात त्या हिरड्यासाठीही असेच झाले. झाड उभे ठेवले तरच पुढच्या वर्षी पैसा, हे मालकाला कळले, आणि धनेशाचे घर राहिले.

आजीने डबीतले चूर्ण हातावर घेऊन पाहिले. "म्हंजी हे बिनतोडीचं हाय," ती म्हणाली. तिच्या डबीतले चूर्ण संगमेश्वरचे असण्याचा काही संभव नव्हता, पण मी तिला तसे सांगितले नाही. तिला मुद्दा कळला होता. लाकडावर दाखल्याची खूण उमटते तेव्हा झाड पडलेले असते. फळावर उमटते तेव्हा झाड उभे असते. लाकूड लागणारच आहे. सुताराच्या मुलाने तरी लाकूड वापरू नका असे सांगू नये. पण दाखल्याची किंमत ठरवायची असेल तर कागद वाचण्याआधी मागे काय उभे राहिले ते पाहावे. रस्ता बंद झाला का? ढोली राहिली का? बियांचे झाड राहिले का? आणि हे पाहायला कोणी पायी गेले होते का?

आता घरचा भाग. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावी दोन एकर जमीन आहे. तिच्या बांधावर आजोबांनी सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून आणलेली सागाची सात झाडे आहेत. यंदा ताईचे लग्न ठरले आणि ती झाडे विकायचे घरात निघाले. व्यापारी आला, त्याने झाडांना मिठी मारल्यासारखे करून दोरीने घेर मोजला आणि म्हणाला, "परवानगीच्या भानगडीत पडू नका मिस्त्री. एका रात्रीत उचलतो. पैसे हातावर."

स्वतःच्या बांधावरचा साग तोडायलाही १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते आणि तो हलवायला वाहतूक परवाना लागतो. सातबारा, अर्ज, मोजणी, ओंडक्यांवर हातोड्याची निशाणी, असा तो मार्ग आहे. लग्न तर महिना-दीड महिन्यावर. दादा व्यापाऱ्याकडे पाहत राहिले. मला वाटले, आता ते हो म्हणतील. त्यांनी हो म्हटले असते तर त्यांना बोल लावण्याचा मला काही अधिकार नव्हता. अकरावीची फी मी विसरलो नव्हतो.

दादा म्हणाले, "मग तुमच्याकडून कापायला नेणारा मिस्त्री इचारणार, कुठल्या रानाचं. त्याला काय सांगणार?"

व्यापारी हसला. "कोण इचारतं हो?"

"मीबी हेच म्हणत होतो इतकी वर्सं," दादा म्हणाले.

अर्ज केला. दादांचे तीन दिवस खेटे घालण्यात बुडाले आणि परवानगी लग्नानंतर आली. लग्न उसनवारीवर झाले आणि त्याचे हप्ते अजून चालू आहेत. आई त्यावरून अधूनमधून बोलते, आणि तिचे बोलणे खोटे नाही. सातांपैकी चारच झाडे तोडली. ओंडक्यांवर खात्याच्या हातोड्याची निशाणी पडली तेव्हा मी तिथे होतो; लहानपणी गिरवायचो तसे मी तिच्यावर बोट फिरवले. उरलेली तीन झाडे बी धरतात म्हणून दादांनी राखली.

केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय वन व काष्ठ प्रमाणन योजना जाहीर केली आहे. वनाबाहेरची, म्हणजे आमच्या बांधावरच्या सागासारखी झाडेही तिच्यात घेतली आहेत. ती आमच्यासारख्याला परवडेल अशी झाली, चार गावांचे शेतकरी मिळून एक दाखला घेऊ शकले आणि त्या दाखल्याला भावात काही किंमत मिळाली, तर पुढच्या वेळी व्यापाऱ्याला नाही म्हणणे कमी महाग पडेल. माझ्या प्रकल्पाच्या शेवटच्या वाक्याखालच्या दोन रेघा मी खोडल्या नाहीत, पण आज ते वाक्य मी तसे लिहिणार नाही. ग्राहक जागा झाला तरी नाही म्हणण्याची किंमत झाडाच्या मालकालाच भरावी लागते. ती किंमत त्याच्याबरोबर कोण वाटून घेतो, यावर त्या रानाचे पुढचे ठरते.

सरांना उत्तर सांगायचे राहिले होते, ते हेच. अजून एक पुरावा आहे. दादांनी माझी एक जुनी वही मागून घेतली आणि तिच्यात उभ्या रेघा मारल्या. गिऱ्हाइकाचे नाव, काम, घनफूट, आणि शेवटच्या रकान्यावर त्यांनी लिहिले, 'कुठले'. गिरणीत ते आता प्रत्येक वेळी विचारतात. मालक म्हणतो, "मिस्त्री, तुम्हाला लाकूड पाहिजे का इतिहास?" सगळे हसतात, दादाही हसतात, पण विचारल्याशिवाय फळी उचलत नाहीत. दोन-तीन कामे त्यामुळे गेलीही.

परवा मी ती वही उघडून पाहिली. कुठे 'घाना' आहे, कुठे 'आपल्या बांधावरचा', एका ठिकाणी 'गिऱ्हाइकाच्या वाड्याची जुनी तुळई'. आणि निम्म्याहून अधिक ओळींत दादांच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे, 'माहीत नाही'.

— द्वितीय वर्ष, कला